कागदावर तुमच्या नावापुढे ‘ओ-आर’ आहे की ‘ई-ई’?

दिवा जंक्शनच्या फलकावर इंग्रजीत चार अक्षरं आहेत. डी, आय, व्ही, ए. हीच चार अक्षरं इंग्रजी शब्दकोशात शोधली तर अर्थ मिळतो नावाजलेली गायिका, आणि ज्या लॅटिन शब्दावरून तो आला त्याचा अर्थ देवी. दिव्याच्या शेतकऱ्याला या माहितीचा काडीचा उपयोग नाही. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते, की अक्षरं तीच असली तरी अर्थ तोच असेल असं नाही. आणि याच्या उलट, इंग्रजी कागदांत काही शब्द असे आहेत की दोन शब्दांची सगळी अक्षरं सारखी, फक्त शेवटची दोन वेगळी, आणि त्या दोन अक्षरांवर जमीन कोणाची हे ठरतं. आजचा लेख त्या शब्दांवर आहे.

हा विषय शाळेतल्या पोरांचा आहे असं समजून पान उलटू नका. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी, शीळ, देसई या पट्ट्यात गेल्या तीसेक वर्षांत जेवढी जमीन हातची गेली, ती नांगराने गेली नाही, कागदाने गेली. खाजणाची भातशेती गेली, तिथे चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या. म्हातार्डीला तर बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन होतं आहे. या प्रत्येक वळणावर कोणीतरी सही किंवा अंगठा केला. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत टाइप केलेला, आणि ‘काका, इथे सही करा’ एवढंच मराठीत सांगितलेलं.

आपल्या जुन्या मराठी दस्तांत ही भानगड नव्हती. कागदाच्या वरच स्वच्छ लिहिलेलं असायचं, ‘लिहून घेणार’ अमुक, ‘लिहून देणार’ तमुक. ज्याचं काही जातं तो लिहून देणार, ज्याला काही मिळतं तो लिहून घेणार. अडाणी माणसालाही आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळायचं. इंग्रजीत हेच काम दोन शेपट्या करतात. शब्दाच्या शेवटी ‘ओ-आर’ असेल तर तो देणारा, करणारा. शेवटी ‘ई-ई’ असेल तर ज्याला दिलं जातं किंवा ज्याच्या नावे केलं जातं तो. लेसॉर म्हणजे भाडेपट्ट्याने जागा देणारा मालक, लेसी म्हणजे पट्ट्याने घेणारा. डोनर म्हणजे बक्षीस देणारा, डोनी म्हणजे बक्षीस घेणारा. ट्रान्सफरर आणि ट्रान्सफरी, असायनर आणि असायनी, ग्रँटर आणि ग्रँटी, सगळीकडे तोच हिशेब. ‘ओ-आर’ म्हणजे लिहून देणार, ‘ई-ई’ म्हणजे लिहून घेणार. एवढं पाठ केलंत तरी निम्मं काम झालं.

ही शेपटी आली कुठून

१०६६ साली फ्रान्सच्या उत्तर भागातल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राजा त्यांचा, जमीनदार त्यांचे, त्यामुळे कोर्टकचेरीतही त्यांचीच फ्रेंच भाषा शिरली. फ्रेंचमध्ये ‘ज्याला दिलं गेलं’ असा अर्थ दाखवणारा जो ‘ए’ असा शेवट होता, त्याचाच इंग्रजीत ‘ई-ई’ झाला. १३६२ साली कायदा करून कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत करा असं सांगावं लागलं, कारण लोकांना आपलाच खटला कळेना. म्हणजे बघा, इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही त्याच्याच देशात कागदाची भाषा परकी होती. आपलं तरी काय वेगळं? जमीन, दस्त, तारीख, हुकूम, अर्ज, वकील, मुखत्यार हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले. फरक इतकाच, की ते तीनचारशे वर्षांत आपल्या जिभेवर रुळले. इंग्रजी शेपट्या अजून रुळल्या नाहीत.

आपल्याकडे त्या आल्या १८७२ च्या करार कायद्यातून आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. हे दोन्ही कायदे आजही लागू आहेत. हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये मॉर्गेजर आणि मॉर्गेजी, कलम १०५ मध्ये लेसॉर आणि लेसी, कलम १२२ मध्ये डोनर आणि डोनी. करार कायद्यात वस्तू विश्वासाने ताब्यात देणारा बेलर आणि ठेवून घेणारा बेली. सोनं गहाण टाकणारा पॉनर आणि ठेवून घेणारा सोनार किंवा बँक म्हणजे पॉनी. घोड्याच्या शिंगराचा यात काही संबंध नाही.

गहाणाचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मॉर्गेजर आणि मॉर्गेजी या जोडीत. आपल्या मनात असं असतं, की बँक पैसे देते म्हणून बँक देणारी, आपण पैसे घेतो म्हणून आपण घेणारे. मग ‘ओ-आर’वाला शब्द बँकेचा असणार. चूक. इथे मोजायचं ते पैशाचं देणंघेणं नव्हे, गहाणाचं. गहाण कोण टाकतो? शेतकरी. म्हणून शेतकरी मॉर्गेजर. गहाण कोणाकडे पडतं? बँकेकडे. म्हणून बँक मॉर्गेजी. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदावर तुमच्या नावापुढे मॉर्गेजर दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तुम्ही तिथेच असायला पाहिजे.

मॉर्गेज या शब्दाचाच फ्रेंच अर्थ ‘मेलेलं तारण’ असा आहे. जुने इंग्रज कायदेपंडित त्याची फोड अशी करत, की कर्ज फिटलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली आणि फिटलं तर सावकाराला मेली. नाव भीतीदायक असलं तरी मॉर्गेजरच्या बाजूने कायदा बराच भक्कम आहे. पैसे फेडले की जमीन मोकळी करून घ्यायचा हक्क कलम ६० ने त्याला दिलेला आहे. गहाण सोडवायच्या दाव्याला मुदत कायद्यात ३० वर्षांची मुदत आहे. ‘गहाण ते कायम गहाणच’ हे कोर्टं पिढ्यान्‌ पिढ्या सांगत आली आहेत. मुदतीत पैसे आले नाहीत तर जमीन आपोआप सावकाराची, अशी अट कोणी कागदात घुसवली तरी ती टिकत नाही.

पण हे सगळं संरक्षण केव्हा? तुमच्या नावापुढे मॉर्गेजर असेल तेव्हा. तिथे ‘व्हेंडर’ असेल तर नाही. व्हेंडर म्हणजे विकणारा. स्टेशनवरच्या वडेवाल्याला आपण व्हेंडर म्हणतो तोच शब्द. मॉर्गेजर आणि व्हेंडर, दोघांच्याही शेवटी ‘ओ-आर’, दोघेही लिहून देणारच. इथे शेपटीवरून भागत नाही, डोकंही वाचावं लागतं.

समजा, एका शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत. ओळखीचा माणूस म्हणतो, देतो, पण खरेदीखत करून दे, पैसे आणून दिलेस की जमीन परत तुझ्या नावावर करतो. यालाच आपल्याकडे मुदत खरेदी म्हणतात. नजरगहाणात जमीन आपल्याच ताब्यात राहते, ताबेगहाणात ताबा त्याच्याकडे जातो, आणि मुदत खरेदीत कागदावर विक्रीच दिसते. कायद्याला मुदत खरेदीही गहाण म्हणून चालते, पण एका अटीवर. १९२९ साली कलम ५८ मध्ये दुरुस्ती झाली. ‘पैसे दिल्यावर जमीन परत’ ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच ते गहाण, नाही तर ती विक्री. वेगळ्या साध्या कागदावर लिहून दिलं, चार माणसांदेखत शब्द दिला, देवळात शपथ घेतली, त्यावर तो दस्त गहाण ठरत नाही. सावकारी नियमन कायदा, २०१४ यात बेकायदा सावकाराने अशा मार्गाने बळकावलेली जमीन परत मिळवायची वाट आहे. त्यासाठी कायद्यातल्या मुदतीच्या आत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा असतो. पण तिथे तो व्यवहार सावकारीचाच होता हे दिसून यावं लागतं. त्यापेक्षा सहीच्या आधी एक शब्द वाचणं सोपं.

सुप्याची होळी

कागद न वाचता सही केल्याचं दुखणं आजचं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि बाजारातल्या सावकारांवर चालून गेले. तिथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. लोकांनी मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले ते जाळून टाकले. जिथे सावकाराने कागद निमूट दिले तिथे बहुधा मारहाणही झाली नाही. शेतकऱ्याला नेमकं ठाऊक होतं की आपला शत्रू माणसापेक्षा तो कागद आहे, ज्यावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्यात एक फार शहाणपणाची तरतूद होती. गावोगावच्या गटांसाठी ग्राम निबंधक नेमायचे, आणि शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त त्यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, नाही तर तो पुरावा म्हणून चालणार नाही. पुढे त्यात असंही कलम आलं, की कागदावर विक्री दिसत असली तरी व्यवहार खरोखर गहाणाचा होता का, हे कोर्टाने तोंडी पुराव्यावरून तपासावं. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला. आज दुय्यम निबंधक तुम्हाला विचारतो ते ‘हा दस्त तुम्ही करून दिला का, सही तुमची का’ एवढंच. मजकूर समजावून सांगणं हे त्याच्याकडून होईलच असं धरून चालू नका. तुम्ही ‘हो’ म्हटलंत की काम झालं.

मुखत्यारपत्रातला डोनर

आता दिव्याच्या पट्ट्यात ज्या कागदाने सगळ्यात जास्त जमिनी फिरल्या त्याकडे या. विकसन करारनामा आणि त्याच्या पोटात कुलमुखत्यारपत्र. मुखत्यारपत्राच्या कायद्यात, म्हणजे १८८२ च्याच आणखी एका कायद्यात, अधिकार देणाऱ्याला डोनर आणि घेणाऱ्याला डोनी म्हटलं आहे. बक्षीसपत्रातही डोनर-डोनीच. त्यामुळे काही जण हादरतात की ‘आम्ही जमीन दान केली की काय!’ तसं नाही. मुखत्यारपत्रातला डोनर जमीन देत नाही, आपल्या वतीने सही करायचा अधिकार देतो. म्हणून आधी कागदाचं मथळ्यातलं नाव बघा आणि मग शेपटी. मथळ्यात गिफ्ट डीड असेल आणि खाली डोनर म्हणून तुमचं नाव असेल, तर मात्र हादरायलाच हवं.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप विरुद्ध हरयाणा सरकार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की नुसतं मुखत्यारपत्र, साठेकरार आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर जमिनीची मालकी जात नाही. मालकी जायला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. हे ऐकून काही शेतकरी निर्धास्त होतात. पण मुखत्यारपत्रात ‘विकण्याचा आणि खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार’ दिलेला असेल तर ते खरेदीखत डोनी तुमच्या वतीने स्वतःच करून देऊ शकतो. मग त्या खरेदीखतावर व्हेंडर म्हणून नाव तुमचं आणि सही त्याची.

मुखत्यारपत्र एरवी रद्द करता येतं आणि देणारा वारला की संपतं. पण त्यात एक लांबलचक शब्द असतो, ‘इर्रिव्होकेबल’. सुरुवातीचा ‘इर’ म्हणजे ‘न’, आणि पुढचं ‘रद्द करता येण्यासारखं’. रद्द न करता येणारं. नुसता शब्द घातल्याने तसं होत नाही. घेणाऱ्याचा त्या मिळकतीत खरोखर पैशाचा हितसंबंध असेल तर करार कायद्याचं कलम २०२ लागतं, आणि मग ते देणाऱ्याच्या मरणानंतरही टिकू शकतं. विकासकाने पैसे मोजलेले असतात, त्यामुळे हा हितसंबंध त्याला दाखवता येतो. हा शब्द दिसला की तिथे पेन खाली ठेवा आणि आपला वकील गाठा. विकासकाने आणलेला वकील तुमचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

विकसन करारात ‘ओनर’ आणि ‘डेव्हलपर’ असतात. दोघांचा शेवट ‘ई-आर’. ती जोडी नव्हे, त्यामुळे शेपटीचा नियम तिथे उपयोगी नाही. मात्र २०१६ च्या रेरा कायद्याने एक नवा ‘ई-ई’ आणला, ‘अलॉटी’, म्हणजे ज्याला सदनिका दिली जाते तो. आणि त्याच्या समोर ‘प्रमोटर’. इथे जमीनवाल्याने सावध राहावं. जमिनीच्या बदल्यात प्रकल्पातल्या उत्पन्नाचा किंवा विकायच्या क्षेत्राचा वाटा घेणारा जमीनमालकही प्रमोटरमध्ये धरला जाईल, असं महारेराने २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणजे आपल्याला वाटतं आपण फक्त जमीन दिली, आणि सदनिकाधारक तक्रार करतो तेव्हा नोटीस आपल्यालाही येते.

बहिणींच्या सहीबद्दलही सांगायलाच हवं. हक्कसोडपत्राला इंग्रजीत रिलीज डीड म्हणतात. हक्क सोडणारी रिलीझर, ज्याच्या लाभात सोडला तो रिलीझी. लग्न होऊन ठाण्याला, पनवेलला गेलेल्या बहिणीला निरोप येतो, ‘सातबाऱ्याचं काम आहे, सहीला ये.’ ती येते, सही करते, जेवून जाते. कागदावर ती रिलीझर झालेली असते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, आपल्या राज्याने तर १९९४ मध्येच तशी सुधारणा केली होती. तिने राजीखुशीने सोडला तर तिचा प्रश्न. पण ‘ओ-आर’ म्हणजे काय हे तिला सहीच्या आधी कळायला हवं. दुसरा एक शब्द येतो, ‘कन्फर्मिंग पार्टी’, म्हणजे मान्यता देणार. विकासकाच्या कागदात बहिणी, आत्या, पुतणे यांना या नावाखाली बसवतात. मोबदल्याच्या रकमेत मात्र त्यांचं नाव बरेचदा नसतं.

चेक, नॉमिनी आणि काही फसवे शब्द

चेकवर तिघे असतात. ड्रॉअर म्हणजे चेक लिहिणारा, ड्रॉई म्हणजे ज्या बँकेवर लिहिला ती बँक, आणि पेयी म्हणजे ज्याला पैसे मिळायचे तो. ‘अकाउंट पेयी’ हा शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यातला ‘ई-ई’ हाच. विसार म्हणून मिळालेला चेक परत आला तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून ३० दिवसांत ड्रॉअरला लेखी नोटीस द्यावी लागते. त्याला ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा असतो, पूर्वीसारखे सहा महिने नाहीत. ‘दादा, जरा थांबा, आता टाकू नका’ असं म्हणत या मुदती उलटवणं ही जुनी युक्ती आहे.

नॉमिनी या शब्दाने घराघरांत भांडणं लावली आहेत. ज्याचं नाव सुचवलं तो नॉमिनी, एवढाच त्याचा अर्थ. बँक किंवा सोसायटी कोणाच्या हातात पैसे देऊन मोकळी होईल, हे त्या नावाने ठरतं. पैसे शेवटी कोणाचे, हे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतं. शेअरच्या बाबतीतही नॉमिनी वारसांना बाजूला सारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनींपर्यंत नावं देता येतात. चार भावंडं असतील तर चौघांची घाला, निदान बोलाचाली तरी होणार नाहीत.

जामीनदाराला गॅरंटर किंवा शुअरिटी म्हणतात. ‘नावापुरता जामीन राहा’ असं म्हणणाऱ्याला विचारा की नावापुरता म्हणजे किती. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी कर्जदाराचं घर गाठलं पाहिजे असंही बंधन नाही.

दिव्यात खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी एक जोडी, लायसन्सर आणि लायसन्सी. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात मालक लायसन्सर. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हा समज अजून चाळीचाळीत टिकून आहे. तो काढून टाका.

नियम म्हटला की अपवाद आलेच. ‘अ‍ॅबसेंटी’ म्हणजे गैरहजर राहणारा. तिथे ‘ई-ई’ असूनही तो स्वतःच करणारा आहे. ‘गॅरंटी’ आणि ‘कमिटी’ यांच्या शेवटीही ‘ई-ई’ आहे, पण आज तो एक माणूस नव्हे. आणि ‘डेटर’ म्हणजे कर्जदार, ‘क्रेडिटर’ म्हणजे सावकार. दोघांच्या शेवटी ‘ओ-आर’च, त्यामुळे तिथे शेपटी काहीच सांगत नाही. इंग्रजी भाषा ही अशी, सरकारी बांधासारखी, मध्येच कुठेतरी तुटलेली.

आर, एरिया, एकर आणि आगरी

शेवटी क्षेत्रफळाचे शब्द, कारण दस्ताच्या शेवटच्या परिशिष्टात खरी मोजणी तिथेच होते. ए-आर-ई म्हणजे आर. ए-आर-ई-ए म्हणजे एरिया. ए-सी-आर-ई म्हणजे एकर. सगळ्यांची अक्षरं जवळजवळ तीच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आपला गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलणी गुंठ्यात आणि विकासकाचा हिशेब चौरस फुटात, अशी तीन मापं एका व्यवहारात येतात तेव्हा कोणाचं तरी नुकसान होतंच. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट होतात, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

गंमत अशी, की लॅटिनमध्ये ‘एरिया’चा एक अर्थ खळं, धान्य मळायची मोकळी जागा. आणि ‘एकर’चा मूळ अर्थ नुसतं शेत. संस्कृतातला ‘अज्र’ हा शब्द त्याचाच भाऊबंद मानतात. लॅटिनमध्ये शेताला ‘एजर’, त्यावरून ‘अ‍ॅग्रिकल्चर’. इंग्रजीत ‘आगरी’ लिहिलं की ए-जी-आर-आय अशीच अक्षरं येतात, म्हणून कोणी कोणी सांगतात की आगरी हे नावच त्या शब्दावरून पडलं. तसं काही नाही. ते आपल्या आगरावरून पडलं, मिठागर आणि भाताचं आगर यावरून, आणि ते इंग्रजीच्या आधीपासून आहे.

मग करायचं काय? इंग्रजी दस्त समोर आला की आपल्या नावावर बोट ठेवा. नावाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत, अवतरण चिन्हात एक शब्द असतो. त्याचं डोकं आणि शेपटी वाचा. वाचता येत नसेल तर नातवाकडून दोन-तीन अक्षरं वाचून घ्या, त्याला आठवीचं इंग्रजी पुरे. मथळा बघा. परिशिष्टातला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीपूर्वी संगणकात भरलेला गोषवारा दाखवतात. तिथे घाई असते, रांग असते, मागचा ओरडतो. तरी तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोन मागून घ्या. ती मराठीत असते. पहिल्याच रकान्यात विलेखाचा प्रकार लिहिलेला असतो, खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र की कुलमुखत्यारपत्र. खाली मोबदला, मग क्षेत्रफळ, मग दस्तऐवज करून देणाऱ्याचं आणि करून घेणाऱ्याचं नाव.

आणि तलाठी मंडळींना, म्हणजे २०२४ पासूनच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, एक विनंती. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. त्या नोटिशीत दस्ताचा प्रकार ठळक अक्षरांत लिहा आणि संबंधितांपैकी वयस्कर कोणी असेल तर त्याला तोंडी सांगा, ‘तुमच्या नावाने खरेदीखत आलंय, गहाणखत नव्हे.’ पंधरा दिवसांच्या आत सांगितलं तर त्याला हरकत घेता येते.